हात थरथरत नाही, तरीही पार्किन्सन्स असू शकतो का?

प्रश्न : माझे सासरे ६८ वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन्स असल्याचे निदान झाले, पण त्यांचा हात कधीच थरथरत नाही. निदानाआधी दीड वर्ष उजवा खांदा आखडल्याचे उपचार चालू होते. त्यांच्या एका मित्राला हाच आजार आहे. त्याचे हात सतत थरथरतात, पण तो रोज फिरायला जातो. सासऱ्यांना मात्र कधीकधी घरातल्या घरात चालणेही जमत नाही. सकाळी दहाला ते स्वतःचा चहा स्वतः करून घेतात आणि बाराला खुर्चीतून उठत नाहीत, त्यामुळे ते मुद्दाम तसे करतात असे सासूबाईंना वाटते. अलीकडे ते झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात. बद्धकोष्ठता तर वर्षानुवर्षांची आहे. निदान बरोबर आहे ना? आणि यातले पार्किन्सन्सचे नेमके काय?

उत्तर : आपण लिहिलेल्या हकिकतीत निदानाविषयी शंका घ्यावी असे मला काही दिसत नाही. एका बाजूच्या खांद्यापासून झालेली सुरुवात, जुनी बद्धकोष्ठता, झोपेतले ओरडणे आणि वेळेनुसार बदलणारी हालचाल या गोष्टी एकत्र आल्या की पार्किन्सन्सचेच चित्र उभे राहते. प्रत्यक्ष तपासणीची जागा असे उत्तर घेऊ शकत नाही, पण त्यांच्या डॉक्टरांच्या निदानाला आपल्या निरीक्षणांनी बळच मिळते.

आधी कंपाविषयी. या आजाराला आपल्याकडे कंपवात म्हणत आल्यामुळे कंप नाही तर आजार नाही, असा समज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश रुग्णांमध्ये सुरुवातीला कंप नसतो आणि काहींना तो पुढेही कधी येत नाही. निदानासाठी जे असावेच लागते ते लक्षण म्हणजे हालचालींचा मंदपणा. त्याच्या जोडीला विश्रांतीच्या स्थितीतला कंप किंवा स्नायूंचा ताठरपणा यांपैकी एक पुरे होते. हा मंदपणा म्हातारपणाच्या संथपणापेक्षा वेगळा असतो. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भराभर आपटायला सांगितले की पहिल्या काही वेळा बोटे पूर्ण उघडतात, मग प्रत्येक वेळी अंतर कमी कमी होत जाते आणि शेवटी हालचाल अडखळते. अक्षरात हेच घडते. ओळीच्या सुरुवातीचे अक्षर नेहमीसारखे आणि शेवटचे बारीक, दाटीवाटीचे होते. बँकेतली सही जुळत नाही म्हणून पेन्शनचे काम अडते तेव्हा कुटुंबाच्या ते प्रथम लक्षात येते. भात कालवणे, शर्टाची बटणे लावणे, पोळी लाटणे, चालताना एका हाताचा झोका कमी होणे, अशा लहान कामांतून आजार आधी दिसतो आणि बहुधा एकाच बाजूला दिसतो. पुढे दुसरी बाजूही सामील होते, पण पहिल्या बाजूचे आधिक्य सहसा टिकून राहते.

खांद्याचा खुलासाही यातच आहे. हाताचा झोका थांबला आणि स्नायू ताठर झाले की खांद्याची हालचाल कमी होते, सांधा आखडतो आणि दुखू लागतो. अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाणे स्वाभाविकच होते आणि त्यांना सापडलेला आखडलेला खांदाही खरा होता. त्यामागचे कारण मात्र तेव्हा दिसण्याइतके पुढे आलेले नव्हते. व्यायाम नीट करूनही खांदा सुटत नसेल, त्याच बाजूचे अक्षर बदलले असेल किंवा त्या बाजूचा पाय किंचित घासत असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे, असे मी सर्वांनाच सांगतो.

मित्राशी होणारी तुलना मात्र थांबवावी. कंप प्रमुख असलेल्या रुग्णांचा आजार सर्वसाधारणपणे सावकाश पुढे सरकतो; चालणे आणि तोल यांच्या अडचणी प्रमुख असलेल्यांना दैनंदिन त्रास लवकर जाणवतो. दोघांच्या मेंदूत एकाच जातीची झीज चालू असली तरी तिची जागा, वेग आणि क्रम वेगळे असतात, म्हणून गोळ्यांचे प्रमाणही वेगळे असते. मित्राला लागू पडलेली गोळी सासऱ्यांसाठी मागणे जसे चुकीचे, तसेच ‘तो बघा कसा फिरतो’ असे म्हणणे. थरथरणारा हात लोकांना लगेच दिसतो आणि त्याबद्दल सहानुभूती मिळते. ताठरलेला, न थरथरणारा माणूस आळशी वाटतो. माझ्या मते कंप नसलेल्या रुग्णांवर होणारा हा मोठा अन्याय आहे आणि तो घरातूनच सुरू होतो.

झोप आणि बद्धकोष्ठता यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हे भाग सर्वांत कमी विचारले जातात. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजारावर आपला निबंध लिहिला. त्यात केवळ सहा रुग्णांचे वर्णन होते आणि त्यांतल्या काहींना तर त्यांनी फक्त रस्त्यावर पाहिले होते. बद्धकोष्ठता, गळणारी लाळ आणि मोडणारी झोप यांची नोंद त्यांनी तेव्हाच केली, पण संवेदना आणि बुद्धी यांना या आजाराची बाधा होत नाही असेही लिहिले. हे दुसरे विधान दीर्घकाळ प्रमाण मानले गेले आणि पार्किन्सन्स हा निव्वळ हालचालींचा आजार ठरला. आज आपण जाणतो की मेंदूच्या मध्यभागातील काळ्या रंगाच्या पेशीसमूहात डोपामीन हे हालचालींसाठी लागणारे रसायन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात तेव्हा हालचाल बिघडते. पण पेशींमध्ये साचणारे आल्फा-सिन्युक्लीन हे प्रथिन त्या आधीच गंधाच्या केंद्रात, मेंदूच्या देठात आणि आतड्याच्या मज्जातंतूंतही आढळते. हाइको ब्राक या जर्मन शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये या प्रसाराच्या टप्प्यांची मांडणी केली. प्रत्येक रुग्ण त्या क्रमाने जातोच असे नाही. तरीही वास न येणे, बद्धकोष्ठता आणि झोपेतली आरडाओरड ही लक्षणे हात जड होण्याच्या कित्येक वर्षे आधी का दिसतात, हे त्यावरून समजते. हालचालीची लक्षणे उमटेपर्यंत त्या काळ्या पेशींपैकी निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात.

स्वप्ने पडतात त्या झोपेत आपले स्नायू निसर्गतः शिथिल केलेले असतात. मेंदूच्या देठातील ही व्यवस्था बिघडली की माणूस स्वप्न जगू लागतो. कुणी अंगावर आल्याचे स्वप्न पडले तर खरोखर लाथ मारतो, ओरडतो, पलंगावरून पडतो. जागे केल्यावर तो बहुधा स्वप्न सांगू शकतो. यात मनाचा दोष नाही, बाहेरबाधाही नाही. पलंगाची उंची कमी करावी, शेजारचे टोकदार सामान हलवावे, आणि सासूबाईंना मार लागत असेल तर काही काळ वेगळ्या अंथरुणावर झोपावे. मेलाटोनिन किंवा अल्प मात्रेतील क्लोनाझेपाम यांचा उपयोग होतो, परंतु क्लोनाझेपामने तोल बिघडू शकतो, म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

बद्धकोष्ठतेला तर मी पार्किन्सन्सच्या उपचारातच मोजतो. लेव्होडोपा ही या आजाराची मुख्य गोळी, जिचे मेंदूत डोपामीन बनते, ती लहान आतड्यात शोषली जाते. जठर संथ आणि पोट तुंबलेले असेल तर ती तिथे उशिरा पोहोचते आणि ‘गोळी लागू पडत नाही’ अशी तक्रार सुरू होते. पुरेसे पाणी, भाज्या, चालणे आणि गरज असेल तर इसबगोल किंवा लॅक्ट्युलोजसारखे औषध रोज, नियमाने घ्यावे. चार दिवस वाट पाहून मग जुलाब घेणे टाळावे.

आता आपल्या प्रश्नाचा जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे येतो. सकाळी दहाला चहा करणारा माणूस बाराला उठत नाही, यात मुद्दाम केलेले काही नाही. निदानानंतरची पहिली काही वर्षे लेव्होडोपाचा परिणाम दिवसभर सलग वाटतो, कारण उरलेल्या पेशी डोपामीन साठवून हळूहळू वापरतात. पेशी आणखी घटल्या की ही साठवण संपते आणि शरीर प्रत्येक गोळीवर थेट अवलंबून राहते. रक्तातील लेव्होडोपाचे प्रमाण सुमारे दीड तासात निम्मे होते, आणि मग गोळीचा अंमल तीन-चार तासांत ओसरू लागतो. गोळ्यांच्या वेळा आपण लिहिलेल्या नाहीत, पण सासरे पहिली गोळी आठच्या सुमारास आणि दुसरी दुपारी जेवणानंतर घेत असतील तर दहाला चांगले आणि बाराला जड होणे अपेक्षितच आहे. गोळीचा अंमल उतरताना फक्त पायच जड होतात असे नव्हे. काहींना घाम फुटतो, धडधडते, विनाकारण भीती वाटते, अंग दुखते, विचार सुचत नाहीत. ही अस्वस्थता अनेकदा हृदयविकार किंवा मानसिक त्रास म्हणून तपासली जाते, आणि पुढची गोळी लागू पडली की ती निघून जाते, याकडे कुणाचे लक्ष नसते.

यात भर घालते ते जेवण. प्रथिनांच्या पचनातून तयार होणारी काही अमिनो आम्ले आणि लेव्होडोपा यांना आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत नेणारी वाट एकच आहे. वरण, उसळ, दूध, पनीर, अंडी, मासे, उपवासाच्या खिचडीतले दाण्याचे कूट यांच्यासोबत गोळी घेतली तर तिचा परिणाम कमी किंवा उशिरा होतो. म्हणून गोळी जेवणाच्या निदान अर्धा तास आधी किंवा जेवणानंतर तासाभराने घ्यावी. मळमळ होत असेल तर सोबत एखादे साधे बिस्कीट चालते. लोहाची गोळीही त्याच वेळी देऊ नये. प्रथिने मात्र बंद करू नयेत. वजन आणि स्नायू दोन्ही घटतात.

सासूबाईंना एक गोष्ट विशेषत्वाने समजावून सांगावी. पाहुणे आले की हाच माणूस ताडकन उठून दारापर्यंत जातो आणि ते गेल्यावर पुन्हा जागचा हलत नाही, असे अनेक घरांत दिसते. सपाट जमिनीवर पाय उचलत नसलेले रुग्ण जिना बिनदिक्कत चढतात. आपसूक होणाऱ्या हालचालींचा मार्ग बिघडला असला तरी डोळ्यांना मिळणारी खूण, ताल किंवा एखादी तीव्र भावना दुसऱ्या मार्गाने हालचाल घडवू शकते. त्यामागे ढोंग नसते. उंबरठ्याशी, वळताना किंवा न्हाणीघराच्या दारात पाय जमिनीला चिकटल्यासारखे होत असतील तर याच गुणाचा उपयोग करता येतो. जमिनीवर ठरावीक अंतराने रंगीत पट्ट्या चिकटवाव्यात, ‘एक-दोन, एक-दोन’ असा ठेका द्यावा, आधी वजन एका पायावर घ्यायला सांगावे. हाताला धरून ओढू नये आणि मागून घाई करू नये. घाई झाली की पाय आणखी चिकटतात आणि वरचे अंग पुढे जाऊन माणूस पडतो.

एक आठवडा वहीत गोळीची वेळ, जेवणाची वेळ आणि त्या त्या तासाची हालचाल लिहून ठेवावी. चांगल्या वेळेचे आणि जड वेळेचे मोबाइलवर छोटे चित्रीकरण करावे. दवाखान्यात रुग्ण बहुतेक वेळा चांगल्या अवस्थेत समोर बसतो, आणि घरातले बारा वाजताचे चित्र डॉक्टरांना दिसतच नाही. या नोंदींवरून गोळ्यांमधले अंतर कमी करणे, मात्रा विभागणे किंवा परिणाम लांबवणारे दुसरे औषध जोडणे शक्य होते. केवळ मात्रा वाढवत गेल्यास अंग अनावर वळवळू लागते. काही घरांत त्या वळवळीलाच आजाराचा कंप समजून आणखी गोळी दिली जाते.

चेहरा आणि मन यांविषयीही सांगायला हवे. चेहऱ्याचे स्नायू मंदावल्यामुळे भाव दिसत नाहीत, पापण्या कमी लवतात, आवाज बारीक आणि एकसुरी होतो. त्यामुळे नातवंडांना आजोबा रागावलेले वाटतात आणि पत्नीला ते आपल्याकडे दुर्लक्ष करतात असे वाटते, आत मात्र प्रेम आणि दुःख दोन्ही पूर्वीइतकीच असतात. याउलट, दर दहा रुग्णांत तीन-चार जणांना नैराश्य असते आणि ते ‘आजारामुळे असे होणारच’ म्हणून सोडून दिले जाते. ते डोपामीन, सेरोटोनिन यांसारख्या द्रव्यांच्या कमतरतेतूनही येते, कधीकधी आजाराच्या निदानाआधीच येते, आणि औषधांनी बरे होते. मोठ्याने पोथी वाचणे, अभंग म्हणणे, वाचाउपचारतज्ज्ञांकडून आवाजाचे व्यायाम शिकणे यांचा खरोखर उपयोग होतो. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदत गटात इतर शुभार्थींना (रुग्णांना) आणि त्यांच्या शुभंकरांना (काळजी घेणाऱ्यांना) भेटल्यावर ‘हे फक्त आपल्याच घरात घडते’ ही भावना जाते, आणि सासूबाईंना तिथे सुनेपेक्षा अधिक पटणारी माणसे भेटतील.

पुढे दिसू शकणाऱ्या काही गोष्टी आताच माहीत असाव्यात. बसल्यावरून उठताना अंधारी येत असेल तर आडवे असताना आणि उभे राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी रक्तदाब मोजावा. वरचा आकडा २० किंवा अधिक उतरत असेल तर डॉक्टरांना कळवावे, कारण पूर्वीपासून चालू असलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या कमी कराव्या लागतात. लघवीची घाई आणि रात्रीचे उठणे प्रोस्टेटमुळेही असू शकते आणि आजारामुळेही. शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्याआधी मूत्ररोगतज्ज्ञांना पार्किन्सन्सची कल्पना द्यावी. पाणी पिताना ठसका लागू लागला तर ताठ बसून, हनुवटी किंचित खाली घेऊन लहान घोट द्यावेत आणि गिळण्याची तपासणी करून घ्यावी. खोलीत लहान मुले किंवा मांजर दिसल्याचे ते सांगू लागले तर वाद घालू नये, घाबरूही नये; ट्रायहेक्सिफेनिडिल, अमँटाडिन किंवा प्रॅमिपेक्झोल यांसारखी पार्किन्सन्सचीच औषधे त्यामागे असू शकतात आणि ती कमी केल्यावर भास बहुधा ओसरतात. प्रॅमिपेक्झोल, रोपिनिरोल या गटातल्या औषधांमुळे काही जणांत अनावर खरेदी, जुगार, ऑनलाइन रमी, खाण्याची किंवा लैंगिक सुखाची हाव असे बदल होतात. लाजेमुळे रुग्ण हे लपवतो आणि कुटुंब त्याच्या स्वभावाला दोष देते, म्हणून ही औषधे सुरू करतानाच मी घरातल्यांना हे स्पष्ट सांगून ठेवतो.

निदानाचा फेरविचार कधी करावा हेही सांगतो. पहिल्याच वर्षात वारंवार पडणे, नजर खाली न वळणे, सुरुवातीपासून दोन्ही बाजू सारख्याच बाधित असणे, लघवीवरचा ताबा आणि रक्तदाब लवकर ढासळणे, किंवा पुरेशी लेव्होडोपा देऊनही काहीच फरक न पडणे, अशा वेळी पार्किन्सन्ससारखे दिसणारे दुसरे आजार तपासावे लागतात. सासऱ्यांची हालचाल घड्याळाप्रमाणे बदलते आहे; ती गोळ्यांच्या वेळांशी जुळत असेल तर निदानाच्या बाजूने हाच भक्कम पुरावा आहे. साधा एमआरआय पार्किन्सन्समध्ये बहुधा सामान्यच येतो, त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मग आजार कसा’ असा प्रश्न पडायला नको.

काही औषधांनी पार्किन्सन्सची हुबेहूब लक्षणे निर्माण होतात आणि असलेला आजार बळावतो. उलटीसाठीचे मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, चक्कर व अर्धशिशीसाठीचे सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन, मानसिक विकारांसाठीचे हॅलोपेरिडॉल ही त्यांतली प्रमुख. आपल्याकडे विशेष काळजी घ्यायची ती लेव्होसल्पिराइडची, कारण आम्लपित्ताच्या काही कॅप्सूलमध्ये ते मिसळलेले असते आणि पोट साफ नाही, गॅस होतो, अशा तक्रारींसाठी ती महिनोन्‌महिने घेतली जाते. सासऱ्यांची पोटाची तक्रार जुनी आहे, म्हणून त्यांच्या सगळ्या औषधांच्या पट्ट्यांवरील घटक एकदा वाचून पाहावेत. या औषधांची नावे एका कागदावर लिहून तो त्यांच्या फाइलला लावून ठेवावा.

आणि एक शेवटचे. पार्किन्सन्स महिन्या-वर्षांच्या गतीने पुढे सरकतो. सासरे दोन-चार दिवसांत एकाएकी खालावले, गोंधळले किंवा पूर्ण जखडले तर ‘आजार वाढला’ असे मानून गोळ्या वाढवू नयेत. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे, तुंबलेले पोट, नवे औषध, चुकलेल्या गोळ्या किंवा पडल्यानंतर डोक्यात झालेला रक्तस्राव यांपैकी काहीतरी बहुधा सापडते आणि त्याचा उपचार होतो. लेव्होडोपा कोणत्याही कारणाने अचानक बंद करू नये. तीव्र ताप आणि कमालीचा ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकते. रुग्णालयात दाखल करावे लागले तर गोळ्यांच्या घरच्या वेळा परिचारिकेला लिहून द्याव्यात, आणि शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवायचे असेल तेव्हा त्या दिवशीच्या गोळ्या घोटभर पाण्यासोबत देता येतील का, हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारून घ्यावे.